ओल्या चपला

यवतमाळच्या त्या कापड दुकानात सरकता जिना बसला, तेव्हापासून खेड्यावरच्या बाया पायथ्याशी चपला काढून, पायरीला हात लावून मगच वर जातात. त्यामुळे तपासणीच्या दिवशी, दुकान उघडायच्या आधी, तिथं चपलांचा एक जोड दिसला तेव्हा मेकॅनिक अवधूतला नवल वाटलं नाही. भर उन्हाळ्यात तो जोड काळ्या मातीनं ओला होता, एवढंच.

त्या दिवशी एक पायरी खालून तडकलेली सापडली. ती बदलून अवधूत उठला, तर चपला नव्हत्या.

असं तीनदा झालं. चपला दिसल्या की दोष निघायचाच, आणि दोष दुरुस्त झाला की त्या जायच्या.

आज पुन्हा होत्या. बाहेर बाभुळगावची मंडळी लग्नाच्या बस्त्यासाठी लेकराबाळांसकट उभी होती.

"उघडू का? लोक कावून राह्यले," चौकीदार नीळकंठभाऊ म्हणाले.

"कावू द्या, भाऊ. पाय जाण्यापरीस कावलेले बरे."

दोन तासांनी एका पायरीचा निखळलेला बोल्ट सापडला. तो घट्ट करून अवधूतनं पाहिलं. चपला गेल्या होत्या.

त्याचे डोळे भरून आले. रिकामा जिना सुरू करून त्यानं हात जोडले. "माय, तुहे लय उपकार झाले. एकदा मले दिस तरी."

त्याच पायरीवर अनवाणी पावलांचे ओले ठसे उमटले आणि वर गेले. माथ्यावर पायरी आत शिरली.

फेरा मारून ती अवधूतच्या पायाशी पुन्हा बाहेर आली. ठसे अजून ओलेच होते. बोटं मात्र आता त्याच्याकडे होती.