वाढत्या अंगाचा फ्रॉक

शिंपीणबाई लेकीचे फ्रॉक नेहमी वाढत्या अंगाचे शिवायच्या. खाली भरपूर कापड दुमडून ठेवायचं आणि पोरगी उंच झाली की सोडायचं. माप देताना लेक टेपचं टोक स्वतःच खांद्याशी धरायची आणि "आई, गुदगुल्या नकोत हं!" म्हणत आधीच हसायला लागायची.

आठव्या वर्षी ती तापाने गेली. शेवटचा पिवळा फ्रॉक कपाटात राहिला.

दर वाढदिवसाला बाई तो बाहेर काढत, आणि दरवेळी दुमड थोडी सोडून पुन्हा शिवलेली असे.

"तूच करतेस आणि विसरतेस," नवरा म्हणायचा.

"मी? इतके वाकडे टाके? धंदा बसला असता माझा!"

पुढे पुढे टाके सुधारत गेले.

यंदा दुमड संपली होती. काखेतली शिवणही उसवली होती, फ्रॉक अंगाला तोकडा पडल्यावर उसवते तशी.

"आता पुरे कर गं," नवरा हळूच म्हणाला.

बाईंनी नवं कापड पसरलं, टेप घेतली आणि सवयीने विचारून गेल्या, "उंची किती धरू, बाळा?"

टेपचं टोक अलगद हातातून ओढलं गेलं. ते वर गेलं, बाईंच्या खांद्याच्याही वर, आणि तिथे थांबलं.

हसू दाबून धरल्यासारखी टेप थरथरत होती.