बोटांनी वाचलेली बातमी

"आई, 'घ' म्हणावं तर त्याचा 'ध' होतो गं. मी ढ आहे का?" केतकीने पुस्तक मिटत विचारलं.

आईचा राग क्षणात उतरला. पोर टाळाटाळ करत नव्हती. तिला दोन्ही अक्षरं खरंच सारखी दिसत होती. शाळेतल्या बाईंनी समजावलं, "हुशार आहे ती. काही मुलांचं असं होतं. अक्षरं बोटांनी ओळखू द्या."

मग रोज कणकेची अक्षरं होऊ लागली. केतकी डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवायची.

एका रविवारी भेळ संपली, तरी केतकी भेळेचा वर्तमानपत्राचा कागद सोडेना. छापील अक्षरांवरून बोट फिरवत ती वाचू लागली, "बि...ब...ट्या... वि...हि...रीत. बिबट्या विहिरीत!"

आईला पुढची बातमी दिसत होती, तरी तिने विचारलं, "अगंबाई! निघाला का बाहेर?"

"थांब ना, वाचतेय मी!"