तापलेली कॉईल

रस्त्यात मधेच बंद पडणारी बाबलीकाकांची जुनी गाडी गॅरेजात तपासताना काही केल्या बंद पडेना, म्हणून दिवसभराच्या कामाने आंबून गेलेला मेकॅनिक अतहर शेवटी त्यांच्यासोबत कुडाळच्या रस्त्याला निघाला. चढावर गाडी बंद पडली. बॉनेट उघडून त्याने इग्निशन कॉईलला बोट लावलं आणि चटका बसताच मागे घेतलं.

“काकानू, कॉईल तापली की करंट जाता. थंड झाली की गाडी परत चालू होतली. नवी घालूया?”

“ता मगे बघू.” काका रस्त्याकडेला टेकले आणि त्यांनी फोन पुढे केला. “आधी माझ्या लेकीक ह्या सांग. तिच्या आवशीक, माझ्या बायलेक, हॉस्पिटलात नेताना गाडी हयच बंद पडली, आणि आवस वाटेतच गेली. मी पेट्रोल भरूक इसारलंय असा समजान लेक तेवापासून माझ्याशी बोलणा नाय.”