चौथ्या वळणावरची अकरा मिनिटं

"गाडीची जुनी आठवण सगळी पुसा, ताई. आणि इंजिनाची ओढ वाढवा, घाटात फार मरगळते," नाईकनवरे चहाचा घोट घेत म्हणाले.

गॅरेजवाल्या कुमुद पांचाळनं गाडीचा मेंदू वाचणारा, बदलणारा ट्यूनर स्टिअरिंगखाली जोडला. हल्लीच्या गाड्या काहीच विसरत नाहीत. छोट्या पडद्यावर वर्षभराचा प्रवास सरकू लागला आणि बारा जूनवर तिचं बोट थांबलं. घाटातलं चौथं वळण. पुढून धक्का. ब्रेक नाहीच, गिअर तिसऱ्यावरून थेट चौथा.

त्याच वळणावर त्या दिवशी तिच्या भावाला, मोरेश्वरला, कुणीतरी उडवून पळालं होतं. तो तिथंच पडून होता, कुणी थांबलं नाही. मनगटावरच्या घड्याळानं त्याचे ठोके थांबेपर्यंत मोजले होते. अकरा मिनिटं.

"झालं का, ताई?"

"होतंय, साहेब. आयुष्यभर लक्षात राहील असं करून देते."

तिनं ओढ वाढवली. आठवण मात्र पुसली नाही. गिअरबॉक्सला एक नवा धडा शिकवला आणि दुसऱ्या कुणाला तो काढता येऊ नये म्हणून त्याला आपल्या ट्यूनरचं कुलूप घातलं. मग नेहमीच्या रिवाजानं चाकाखाली लिंबू ठेवलं. नाईकनवऱ्यांनी ते चिरडलं आणि ते खुशीत निघाले.

तासाभरानं फोन वाजला.

"ताई, गाडी चौथ्या वळणावर आपोआप थांबली! गिअर पडत नाही, दारं उघडत नाहीत!"

"किती वेळ झाला?"

"चार मिनिटं!"

"अजून सात बसा. उद्या तिथून गेलात तरी बसायचंय, परवाही. बारा जूनला माझा भाऊ तिथंच अकरा मिनिटं पडला होता, साहेब. तोवर हाका मारून बघा, कुणी थांबतंय का."