उजवा डोळा

"हिच्याही मधोमध डाग आहे," डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेत वसुधाताई म्हणाल्या. ही तिसरी मॅक्रो लेन्स. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. कासच्या पठारावरची नखाएवढी फुलं अगदी जवळून टिपायची, ही त्यांची जुनी हौस.

दुकानदार बागवानभाईंनी त्याच लेन्समधून काउंटरवरच्या गुलाबाचा फोटो काढला आणि स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. पाकळीची शीर न् शीर स्पष्ट दिसत होती.

"मॅडम, लेन्स स्वच्छ आहे. जरा डाव्या डोळ्यानं बघता का?"

त्यांनी डावा डोळा लावला. डाग नव्हता. पुन्हा उजवा लावला. गुलाबाच्या जागी करडा ठिपका आणि भोवती वाकड्यातिकड्या झालेल्या कडा.

"आईचंही असंच सुरू झालं होतं," कॅमेरा ठेवत त्या म्हणाल्या. "आधी एक डोळा, वर्षभरात दुसराही. शेवटी शेवटी मी हाक मारल्याशिवाय ती मला ओळखायची नाही."

बागवानभाईंनी कॅमेरा बंद केला. "आधी डॉक्टरांना दाखवून या. लेन्स काय, कुठं पळून जात नाही."

"दाखवते. उद्याच जाते." त्यांनी तिन्ही लेन्सेस स्वतःकडे ओढल्या. "यातली आपोआप फोकस धरणारी कुठली, तेवढं सांगा. कासला फुलं अजून तीन आठवडे आहेत."