आधी विचारायचं!

"आई, परत चुकलीस!" पेशंट बनून सोफ्यावर आडवी झालेली सात वर्षांची लेक ओरडली. "आधी नाव सांगायचं. मग हात लावू का, ते विचारायचं."

साताऱ्यात बारा वर्षं हेमांगी न विचारताच नाडी धरायची. मेलबर्नमध्ये डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेत त्याच सवयीपायी ती दोनदा नापास झाली होती. आता ही शेवटची खेप.

महिन्याभराने निकाल आला. तिने तो तीनदा वाचला, किंचाळली आणि लेकीला उचलायला धावली.

लेकीने हात आडवा धरला. "आधी?"

हेमांगीला हसू आवरेना. "नमस्कार. मी डॉक्टर हेमांगी रणपिसे." कितीतरी दिवसांनी तिने नावाआधी 'डॉक्टर' लावलं होतं. "तुम्हाला उचलून गरागरा फिरवलं तर चालेल का?"

"चालेल," पेशंट गंभीरपणे म्हणाली. "हात धुतलेत ना?"