वारा एकच असतो

आरसा तिने पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. तळहाताएवढा, एक कोपरा उडालेला आरसा, पण सरांचा अर्धा जीव त्यात होता. कुठलंही चित्र बाहेर जाण्याआधी ते चित्राकडे पाठ करून उभे राहत आणि आरशातून बघत. "उलटं दिसलं की आपलंच चित्र परकं होतं," पहिल्याच दिवशी त्यांनी तिला शिकवलं होतं. "आणि परक्याच्या चुका माणसाला लगेच दिसतात."

आज त्यांना चूक दिसायला नको होती.

ती कॉन्सेप्ट आर्टिस्ट. म्हणजे सिनेमा उभा राहण्याआधी त्यातली गावं, जहाजं, राक्षस पहिल्यांदा कागदावर आणणारी. सर कलादिग्दर्शक. म्हणजे तिने काढलेल्या चित्राखाली चंदेरी पेनाने स्वतःचं नाव लिहिणारे. गेली आठ वर्षं हेच चाललं होतं. तीन वर्षांपूर्वी तिने काढलेल्या पुलावरच्या शहराला मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा तिची आई नवा चष्मा लावून तिसऱ्या रांगेत बसली होती. सर स्टेजवर गेले. बायकोचे आभार मानले, मुलांचे मानले, घरच्या कुत्र्याचेसुद्धा मानले आणि खाली उतरले.

परतताना आई एवढंच म्हणाली, "आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा माणूस गं हा. पण तू तरी किती दिवस दळत बसणार?"

ते बोलणं तिला तीन वर्षं टोचत राहिलं. घरी राजीनामा दोनदा लिहून झाला, दोनदा फाडून झाला. नुसतं निघून जाऊन काय होणार? चित्रं तर त्याच्याच नावावर राहणार. जाईन तर याला खाली बसवूनच जाईन, असं तिने मनाशी धरलं. आणि मग कप्तान आले.

कप्तान म्हणजे निर्माते. वीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, आता जहाजावर सिनेमा करायला निघालेला. काम मोठं, पण गृहस्थ महाखवट. आधीच्या स्टुडिओने चित्रात दोराची गाठ चुकीची दाखवली, तर यांनी भर बैठकीत चित्रकाराचं नाव विचारलं आणि ते सगळीकडे सांगत सुटले. त्या बिचाऱ्याला पुढे कुणी दारातसुद्धा उभं केलं नाही.

हे कानावर आलं त्याच दिवशी तिचं ठरलं. वादळातलं जहाज तिने असं काढलं, की बघणाऱ्याने श्वास रोखावा. शिडं उजवीकडे टम्म फुगलेली, खाली लाटांचे डोंगर. आणि डोलकाठीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं निशाण, डावीकडे फडफडणारं. तुमच्या-आमच्या लक्षातही येणार नाही. पण जन्म समुद्रावर गेलेल्या माणसाच्या डोळ्यांत ते कुसळासारखं खुपणारच. आणि खाली नाव सरांचं! काट्याने काटा निघणार होता आणि ती नामानिराळी राहणार होती.

चित्र तिने मुद्दाम शेवटच्या घटकेला आणलं. सर ड्रॉवर उपसत होते.

"आरसा दिसला का गं माझा?"

"नाही, सर."

"राहू दे. आता वेळ तरी कुठे आहे? ठेव ते इथे, मी नाव घालतो. तू जरा चहाचं बघ."

आठ वर्षांनंतरही चहाचं बघ. एरवी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. आज ती हसत गेली. पर्स खुर्चीवरच राहिली.

बैठकीला सगळा स्टुडिओ जमला होता. चित्र स्टँडवर, वर कापड. कप्तान पहिल्या खुर्चीत, हाताची घडी घालून. सर उठले, त्यांनी घसा खाकरला.

"चित्र दाखवण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. इथून आजवर जी चांगली चित्रं गेली, ती माझ्या नावावर गेली. ती माझी नव्हती. हिची होती."

त्यांनी तिचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. मग कापड ओढलं. जहाजाखाली चंदेरी अक्षरांत तेच नाव होतं.

टाळ्या थांबेचनात. तिला रडू आलं. आत्ता इथे आई हवी होती, असं वाटलं. आठ वर्षांचा राग कापरासारखा उडून गेला, आणि त्याच्या जागी लाज आली. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसासाठी आपण खड्डा खणला? मग तिची नजर निशाणाकडे गेली.

"सर, थांबा," ती पुढे झाली. "एक दुरुस्ती राहिली आहे. आज नको दाखवायला."

"बघा," सर कप्तानांना म्हणाले, "हिला आपलं काम कधी पुरं झालंय असं वाटतच नाही."

सगळे हसले. कप्तान हसले नाहीत. त्यांनी चष्मा चढवला आणि ते चित्राजवळ गेले. त्यांचं बोट शिडावरून सावकाश वर सरकत गेलं, आणि टोकाशी थांबलं.

"वारा एकच असतो," ते म्हणाले. "शीड इकडे आणि निशाण तिकडे? कोणी काढलंय म्हणालात हे?"

"सगळं हिचंच," सर म्हणाले. "मी एका रेघेलाही हात लावलेला नाही."

आणि त्यांनी खिशातून कोपरा उडालेला आरसा काढला, त्यात बघितलं आणि कपाळावर आलेले केस नीट मागे बसवले.